जाळीवरची टिकली

उस्मानपुऱ्यातल्या त्या घरात आम्ही भाड्यानं राहायला गेलो, त्या दिवशी आमचं सामान अजून टेम्पोतच होतं आणि घरमालक आमच्या कूलरची मागची बाजू काढून आत डोकं घालून बसले होते. मला वाटलं, हौशी माणूस असेल, काहीतरी दुरुस्त करत असेल. थोड्या वेळानं डोकं बाहेर आलं आणि त्यांनी विचारलं, "बाई, मागच्या घरी याचं पाणी कवा कवा काढून टाकायचात?" मी शाळेत शिकवते म्हणून बाई. मी म्हटलं, लक्षात नाही. यावर त्यांनी खिशातून खडू काढला, आमच्या दाराच्या चौकटीवर तारीख टाकली, खाली लफ्फेदार सही केली आणि शेजारी लिहिलं, 'संशयित'.

सगळी नोकरी त्यांनी हिवताप खात्यात काढली होती. खात्यानं त्यांना रीतसर निरोप देऊन सोडलं, पण त्यांनी काही खात्याला सोडलं नाही. घरोघर जाऊन रांजण, पिंपं आणि टायर तपासायचे आणि दारावर खडूनं शेरा मारायचा, हे काम निवृत्तीनंतरही बिनपगारी चालू होतं. तेव्हाच्या औरंगाबादेत नळाला पाणी आलं की सणच असायचा आणि मधले दिवस लोक मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवायचे. म्हणजे साहेबांना कामाला तोटा नव्हता. गल्ली त्यांना साहेबच म्हणायची. आम्ही भाडेकरू काका म्हणत होतो, पण कूलर तपासायला आले की आमच्याही तोंडून 'साहेब' निघून जायचं.

"डास कुनाच्या बापाला भीत नाय, फकस्त झाकनाला भितो," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. लग्नामुंजीत ते आहेर म्हणून डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे द्यायचे, बाटलीत घालून, वर रिबीन बांधून. एका नवरदेवानं उन्हातान्हात ती बाटली तोंडाला लावली होती असं म्हणतात. मी स्वतः पाहिलेलं नाही, पण त्या घरात नंतर साहेबांना आमंत्रण गेलं नाही एवढं खरं.

या माणसाला दोन गोष्टींचा गर्व होता. एक म्हणजे आपण कधी चुकत नाही. चूक झालीच तर ते "परिस्थिती बदलली" असं म्हणायचे. दुसरा गर्व डोळ्यांचा. सत्तरी आली तरी चष्मा नव्हता. पिंपाच्या तळाशी वळवळणारी अळी ते उभ्यानं बघायचे आणि ती कुठल्या जातीची हेही सांगायचे. घरातल्या घरात त्यांच्या या नजरेचा सगळ्यात जास्त ताप काकूंना व्हायचा, कारण तांदळातला एकही खडा त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही आणि तो निवडायला मात्र ते कधी बसायचे नाहीत.

अशा माणसाचा जिवलग मित्र चष्मेवाला असावा, ही देवाची गंमत. रशीदभाईंचं चष्म्याचं दुकान चौकात होतं. पूर्वी कधीतरी साहेबांनी त्या दुकानातला माठ तपासून शटरवर 'अळ्या आढळल्या' असं लिहिलं होतं. रशीदभाई भांडायला खात्यात गेले, तिथं चहा झाला, आणि मग रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला चहा साहेबांच्या घरी होऊ लागला. रशीदभाई दुकानावरून उठायचे आणि न थांबता, न खाकरता थेट आतल्या खुर्चीत जाऊन बसायचे. दार त्या वेळी उघडंच असायचं.

चहाबरोबर रोजचा वाद ठरलेला. रशीदभाई म्हणायचे, साहेब, सत्तरी आली, एखादा तरी नंबर निघणारच, एकदा दुकानात येऊन बसा. साहेब बसायचे नाहीत. उलट ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून दुकानात टांगलेल्या तक्त्याची शेवटची बारीक ओळ मोठ्यानं वाचून दाखवायचे. आत खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक अडखळत असलं की त्यालाही त्याचा उपयोग व्हायचा. "हे माझी दुकान बंद करून सोडणार," असं रशीदभाई म्हणायचे, पण ते कौतुकानं.

जाळीचा मात्र साहेबांना भारी तिटकारा होता. गल्लीत कुणी खिडकीला मच्छरजाळी बसवली की ते उभे राहून सुनवायचे. जाळी लावणं म्हणजे डासाला घर देऊन आपण पिंजऱ्यात बसणं. अळी मारा, झाकण लावा, जाळी हे आळशाचं काम.

आणि मग साहेबांना डेंग्यू झाला.

ती बातमी गल्लीत कळली तेव्हा पहिले दोन दिवस कुणी हसलं नाही, ताप खरंच मोठा होता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि गल्लीचा धीर सुटला. साहेबांनी दवाखान्यातल्या पलंगावरून डॉक्टरांना सांगितलं की हा डास त्यांच्या हद्दीतला नव्हता, बाहेरून आलेला होता. काकूंनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं की देवघरामागं आहेरासाठी भरून ठेवलेल्या एका बाटलीतले गप्पी कधीच मेले होते, आणि अळ्या मजेत होत्या.

साहेबांच्या पुण्याला राहणाऱ्या मुलीनं वडिलांशी वाद घातलाच नाही. तिनं परस्पर पुढच्या दाराला घडीची जाळी सांगून टाकली. चितेगावाकडून एक कारागीर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खांद्यावर टाकून आला. त्यानं चौकटीच्या कोपऱ्यात गुण्या लावला. गुण्या म्हणजे कोपरा सरळ आहे का ते बघायची लोखंडी काटकोनी पट्टी. तो म्हणाला, साहेब, चौकट गुण्यात नाही. झालं! ते घर साहेबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. चौकट गुण्यातच आहे, तुझा गुण्या वाकडा आहे, असा त्यांनी निकाल दिला. त्यावर बराच वेळ गेला. कारागिरानं शेवटी एका बाजूला लाकडाची पाचर घालून जाळी सरळ बसवली. त्या पाचरीला कुणी पाचर म्हणायचं नाही, शोभेची पट्टी म्हणायचं, या अटीवर साहेब राजी झाले.

जाळी बसली आणि साहेब तिच्या प्रेमात पडले. काळी, तलम जाळी. ओढली की सरसर पसरायची, सोडली की पेटीच्या भात्यासारखी घड्या घालत कडेच्या पट्टीत जाऊन बसायची. दार आहे आणि नाहीही. सकाळभर ते एकटेच ती ओढत आणि सोडत बसले. दुपारपासून त्यांनी लोकांना बोलावून दाखवायला सुरुवात केली. मी एवढंच म्हटलं की काका, पिंजरा छान आहे. ते म्हणाले, "परिस्थिती बदलली, बाई."

अडचण एवढीच होती की ती जाळी दिसायची नाही. पहिल्या दिवशी दूधवाला तिच्यावर आदळला. दुसऱ्या दिवशी पोह्यांची ताटली घेऊन स्वतः काकू आदळल्या आणि पोहे जाळीच्या घडीघडीत जाऊन बसले. काकूंनी मग आपल्या पाकिटातल्या मोठ्या लाल टिकल्या काढल्या आणि डोळ्यांच्या उंचीला जाळीवर ओळीनं चिकटवल्या. साहेबांनी आधी कुरकुर केली, जाळीचा संसार झाला म्हणाले. पण त्यानंतर कुणी आदळेना, तेव्हा ही कल्पना आपलीच होती असं ते सांगू लागले.

ताप आल्यापासून रशीदभाईंचं येणं दवाखान्यातच व्हायचं, आणि साहेब घरी आल्यावर त्यांना आराम पडावा म्हणून ते काही दिवस फिरकले नव्हते. जाळी लागल्यावर ते प्रथमच घरी आले, त्या संध्याकाळी मी पायरीवर वह्या तपासत बसले होते. कारागीर खालची पट्टी सैल करायला आला होता. रशीदभाई हातात गरम नानखटाईचा पुडा घेऊन आले, माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि नेहमीप्रमाणे न थांबता, न खाकरता थेट आत निघाले.

जाळी पट्टीतून निसटून बाहेर आली. नानखटाई ओट्यावर पसरली. रशीदभाई गुडघ्यावर बसलेले. आणि साहेबांचा जीव त्या क्षणी दुर्दैवानं जाळीत होता. ते ओरडले, "आंधळे झालात का, रशीदभाई? एवढ्या ढळढळीत टिकल्या दिसल्या नाहीत?"

आवाज मोठा होता. रस्त्यावरची माणसं वळली. कुणीतरी म्हणालं, चष्मेवाल्यालाच दिसलं नाही, आणि दोघंतिघं हसले. रशीदभाई उठले, कपडे झटकले आणि आपला चष्मा नीट केला. त्याच्या डाव्या काचेवर, अगदी मधोमध, काकूंची लाल टिकली चिकटली होती.

आम्ही सगळे वाट पाहत राहिलो की आता ते ती काढतील. त्यांनी काढली नाही. आमच्याकडे एकदा बघितलं, "गलती हो गई साहेब," म्हणाले, आणि त्या टिकलीसकट पायऱ्या उतरून गल्लीतून चालत गेले.

साहेबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. खाली बसून ते ओट्यावरच्या नानखटाया एकेक करून पुड्यात भरू लागले. पुडा भरल्यावर ते मला म्हणाले, "बाई, त्या डोळ्यानं त्यांना दिसतच नाय. टिकली हाय हेबी दिसंना." मग कारागिराकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघून म्हणाले, "कुठं बोलायचं नाय. चष्म्याचं दुकान हाय त्यांचं."

दुसऱ्या दिवशी रशीदभाई आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. काकू सवयीनं दोन कप बाहेर ठेवायच्या आणि एक तसाच परत न्यायच्या. साहेबांनी पिंपं तपासणं सोडलं. आमच्या कूलरमध्ये त्या आठवड्यात हत्ती वाढला असता तरी कुणी विचारलं नसतं. पिंपाच्या तळातली अळी बघणाऱ्या माणसाला रोज समोर बसणाऱ्या मित्राचा डोळा गेलेला दिसला नाही, हे त्यांना आतून खात होतं. काकू म्हणाल्या, जाऊन माफी मागा की. त्यावर ते म्हणाले, "माफी मागून त्यांचा डोळा बरा व्हनार हाय का?"

काकूंना भाजीच्या गाड्यावर रशीदभाईंची बायको भेटली, तेव्हा सगळं कळलं. मोतीबिंदू होता, पिकलेला. दुसऱ्या डोळ्यातही उतरत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता थांबलात तर नजर जाईल. पण रशीदभाई ऑपरेशनला तयार नव्हते. चष्मेवाल्याच्याच डोळ्याला पट्टी बघितल्यावर गिऱ्हाईक पायरी चढेल का, हा त्यांचा सवाल. आणि त्या दिवशी गल्लीत हसं झाल्यापासून तर ते घरात डोळ्यांचं नावही काढू देत नव्हते.

साहेबांनी हे सगळं ऐकलं आणि त्या दिवशी ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. काकू म्हणाल्या, काहीतरी शिजतंय यांच्या डोक्यात.

त्या आठवड्यात नळाला पाणी आलं ते नेमकं संध्याकाळी. सगळी गल्ली पाइप आणि बादल्या घेऊन बाहेर होती. अशा वेळी रशीदभाई नमाजाला जाण्यासाठी आमच्या घरावरून जायचे, पण हल्ली पलीकडच्या कडेनं. मी पिंप भरत होते. साहेब रस्त्यावर उभे दिसले. त्यांनी डावीकडे बघितलं, रशीदभाई येताना दिसले. साहेबांनी शर्ट खाली ओढला, छाती पुढं काढली आणि संचलनाला निघाल्यासारखे ताठ चालत, पायऱ्या चढून, टिकल्यांच्या बरोबर मधोमध आपल्याच जाळीवर जाऊन आदळले.

यावेळी जाळी नुसती निसटली नाही, पट्टीसकट खाली आली. शोभेची पट्टी उडून माझ्या बादलीत पडली. साहेब जाळीत गुंडाळलेले ओट्यावर बसले होते, कपाळावर एक टिकली, मिशीवर एक. गल्ली आधी गार झाली आणि मग इतकी हसली की नळाचं पाणी वाहत राहिलं. साहेबांनी ते हसू पूर्ण होऊ दिलं. मग हाक मारली, "रशीदभाई, ओ रशीदभाई, मला दिसंना हो!"

रशीदभाई रस्त्यापलीकडे थांबले. मग पावलं मोजत आले, चाचपडत जाळी बाजूला केली आणि साहेबांचा दंड धरला.

"साहेब, लगा क्या?"

"लागलं ते जाऊ द्या. मला लई दिसापासून नीट दिसत नाय. लाजंनं बोललो नाय कुनाला."

रशीदभाई म्हणाले, "डोळ्याची कसली लाज, साहेब? उमर आहे. चला दुकानात."

काकूंनी मला पाठवलं, दोघं धडपडतील म्हणून. दुकानात साहेब त्या खुर्चीत बसले, जिच्यात बसायचं त्यांनी सगळा जन्म टाळलं होतं. रशीदभाईंनी छडी घेतली आणि तक्त्यावरचं सगळ्यात वरचं, थाळीएवढं अक्षर दाखवलं. साहेबांनी डोळे बारीक केले, मान पुढं केली आणि चुकीचं सांगितलं. रशीदभाईंनी तक्त्याकडे न बघता दुरुस्त केलं, तक्ता त्यांना पाठ होता. दुसरी ओळ, तिसरी ओळ. एक जण दिसत असून चुकत होता आणि एक जण न दिसता बरोबर होता. मधेच छडी तक्ता सोडून शेजारच्या कॅलेंडरवर गेली आणि तिथल्या गणपतीच्या पोटावर थांबली. मी जीभ चावली. साहेबांची पापणी हलली नाही. ते म्हणाले, "'ग' वाटतोय. पक्कं सांगता येत नाय."

शेवटी साहेबांनी आपला खरा डाव टाकला. मोठ्या दवाखान्यात जावं लागेल, पण एकट्याला भीती वाटते, म्हणाले. "तुमी संगं चला. तुमचेबी डोळे दाखवू, म्हंजे मला धीर येईल." ज्या माणसानं तापात डॉक्टरांशी हद्दीवरून वाद घातला होता, तो भीती वाटते म्हणत होता. रशीदभाई बराच वेळ छडी पुसत राहिले. मग म्हणाले, हौ, चलते.

त्यानंतरचे दिवस त्या घरात मी जेवढी हसले तेवढी आयुष्यात हसले नसेन. गल्लीत बातमी अशी होती की साहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि रशीदभाई दुकान बंद ठेवून त्यांच्या सेवेला येऊन राहिलेत. आत काय होतं, तर पुढच्या खोलीच्या पडद्यामागं रशीदभाई डोळ्याला पट्टी लावून पलंगावर, आणि ठरल्या वेळी त्यांच्या डोळ्यात थेंब घालणारे साहेब. दवाखान्यात आपल्याला फक्त चष्म्याचा नंबर निघाला, असं साहेबांनी रशीदभाईंना सांगितलं होतं. बाहेर ओट्यावर काळा चष्मा लावून साहेब बसायचे, लोकांनी आणलेली केळी स्वीकारायचे आणि सुस्कारे सोडायचे. गल्ली रशीदभाईंना दुवा द्यायची, दोस्त असावा तर असा. साहेब म्हणायचे, खरंय, ते होते म्हणून मी हाय.

एकदाच घोळ झाला. काळ्या चष्म्यातून त्यांना पार गल्लीच्या टोकाला एका घराचं पिंप उघडं दिसलं आणि ते गरजले, "झाकन!" भेटायला आलेले सगळे वळून तिकडं बघू लागले. साहेबांनी कपाळ धरलं आणि काकूंना म्हणाले, आतल्या पातेल्यावर झाकण ठेव गं.

रशीदभाई बरे झाल्यावर त्यांनी साहेबांचा चष्मा स्वतःच्या हातानं बनवला. मी माझ्या चष्म्याची काडी दुरुस्त करायला गेले होते, तेव्हा ते काच घासत बसले होते. हात थांबत नव्हते, नजर चपळ झाली होती. मी विचारलं, कितीचा नंबर निघाला काकांना? त्यांनी बाहेर कुणी नाही असं बघितलं आणि हळूच म्हणाले, "साधी काच आहे, बाई. डाक्टरनं त्यांना माझ्या बगलमध्येच सांगितलं, इनके आँखां तो जवान के हैं. साहेबांना वाटतं, मला ऐकूपण कमी येतं."

मी विचारलं, मग त्यांना सांगत का नाही? रशीदभाईंनी काच उजेडाकडे धरली. "नको. लई मेहनत घेतलीय त्यांनी."

साहेबांनी तो चष्मा रोज लावला. डोळ्यांचा त्यांचा सगळा तोरा गेला, गल्लीतली पोरंसोरंसुद्धा त्यांना टिकल्या दाखवून चिडवायची, आणि ते ऐकून घ्यायचे. अळी बघताना मात्र चष्म्याच्या वरून बघायचे. आमच्या चौकटीवरचा शेरा 'संशयित' होता तो 'समाधानकारक' झाला, तो याच काळात.

जाळी कारागिरानं तिसऱ्यांदा येऊन बसवली. काकूंनी नव्या टिकल्या लावल्या. रशीदभाई घरी परतल्यानंतर पहिल्यांदा चहाला आले, ती संध्याकाळ मला अजून लख्ख आठवते. ते जाळीपुढं थांबले. एक बोट पुढं करून एकेक टिकली बघितली, जत्रेत आलेल्या माणसानं बघावी तशी. मग त्यातली एक अलगद सोडवली, जाळी सरकवली आणि आत जाऊन बसले.

साहेब समोर कप घेऊन बसले होते. रशीदभाई पुढं झुकले आणि ती लाल टिकली त्यांनी साहेबांच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर, अगदी मधोमध, दाबून लावली. काकू आणि मी बघत राहिलो.

"साहेब," रशीदभाई म्हणाले, "काही दिसतंय?"

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. उजव्या डोळ्यात पाणी होतं, डावा टिकलीमागं होता.

"नाय बुवा," ते म्हणाले. "कायबी नाय."

आणि ती टिकली तशीच ठेवून त्यांनी चहा पिऊन संपवला.